कागदी बाहुलीचा संच: जमवायचा कसा, ओळखायचा कसा, गोव्याच्या पावसातून राखायचा कसा

माझ्या पहिल्या कागदी बाहुलीला आता तिचेच कपडे बसत नाहीत. १९६८ साली आत्या मुंबईहून डिचोलीला आली, तेव्हा तिने ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून आणली होती. पांढऱ्या शेमीजमधली, गालांवर लाली असलेली विलायती मुलगी, वहीच्या पानापेक्षा थोडी बुटकी. सोबत नऊ फ्रॉक, दोन टोप्या आणि एक कोट. कपड्यांच्या खांद्यांना आणि कमरेला कागदाच्या छोट्या पट्ट्या असतात, त्या मागे दुमडल्या की कपडा अंगावर बसतो. आम्ही बहिणी त्या पट्ट्यांना ‘कान’ म्हणायचो. मी अजूनही तोच शब्द वापरते, इथेही वापरणार आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी मी त्या बाहुलीला लॅमिनेट करून आणलं. वाटलं, आता ही कायमची टिकली. तिसऱ्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या कडेने ओल आत शिरली आणि शेमीजवर करडे ठिपके उमटले. प्लास्टिक सोडवायला गेले तर त्याच्यासोबत रंगही सुटून येऊ लागला, म्हणून तिथेच थांबले. शिवाय बाहुली जाड झाली. फ्रॉकचे कान तिच्या खांद्यांवरून घसरतात. डब्यात तसेच राहिलेले नऊच्या नऊ फ्रॉक मात्र आजही ठणठणीत आहेत.

त्यानंतर मी हे काम नीट शिकले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तर रोजचा एखादा तास याच कामात जातो. गोव्यात आणि कोकणपट्टीत अनेक घरांत असे डबे आहेत आणि घरं रिकामी होताना ते भंगारात जाताहेत. तुमच्या हाती एखादा आला तर काय करावं, ते इथे सांगते.

आधी हे: संच मोडू नका

कागदी बाहुली म्हणजे एकटी बाहुली नव्हे. बाहुली, तिचे कपडे, टोप्या, पाकीट किंवा डबा, आणि ती कुणी खेळली याची माहिती, हे सगळं मिळून संच होतो. तो मोडला की पुन्हा जुळवणं फार कठीण. हा खेळ छापून विकायला सुरुवात झाली तेव्हापासूनच ही अडचण आहे.

लंडनमध्ये रॅथबोन प्लेस भागात एस. अँड जे. फुलर यांचं दुकान होतं. तिथून १८१० साली ‘लिटल फॅनी’ नावाच्या मुलीची गोष्ट निघाली. छोटी पुस्तिका आणि तिच्यासोबत कापून तयार केलेली, हाताने रंगवलेली सात चित्रं. चित्रांना डोकं नव्हतं. डोकं एकच, वेगळं, मानेची पट्टी असलेलं. गोष्ट पुढे जाईल तसं ते एका पोशाखातून काढून दुसऱ्यात खोचायचं. फॅनी नटवी, हट्टी. छान कपडे घालून बाहेर पडते आणि सगळं गमावते. भिकारणीच्या चिंध्यांत फिरते, मासळी विकते, दूध-लोणी पोचवते आणि शेवटी साध्या झग्यात, हातात पुस्तक घेऊन आईकडे परत येते. सात पोशाखांना एक डोकं, म्हणजे मुलांच्या हातून पहिलं काय हरवणार हे उघड आहे. जुन्या संचांत नेमकी मान फाटलेली असते किंवा डोकंच नसतं. उरतात सात सुंदर पोशाख, आत कुणी नसलेले.

दोन वर्षांनी, १८१२ मध्ये, अमेरिकेत बॉस्टनच्या जे. बेल्चर यांनी ‘लिटल हेन्री’ हा मुलाचा संच काढला. तिथून हा धंदा अमेरिकेत रुजला. न्यूयॉर्कच्या मॅकलॉफलिन ब्रदर्सने काही सेंटांना मिळणाऱ्या बाहुल्या छापून त्या साध्या घरांपर्यंत पोचवल्या. नोव्हेंबर १८५९ मध्ये ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने बाहुली आणि तिचे कपडे थेट पानावर छापले. मुलांनी रंगवायचे, कापायचे. खेळण्याचं दुकान घरी येणाऱ्या मासिकात आलं ते असं.

छापील खेळण्याच्या आधीचा इतिहासही मोठा आहे. १७४० च्या दशकात पॅरिसमध्ये ‘पांतँ’चं वेड होतं. पुठ्ठ्याची सांध्यांची आकृती, मागची दोरी ओढली की हातपाय उडवणारी. मुलांपेक्षा सरदारांच्या बायकाच ती घेऊन हिंडत आणि बूशेसारख्या नामवंत चित्रकारानेही ती रंगवली होती. लहानपणी म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत खाज्याच्या दुकानांशेजारी दोरीवाला पुठ्ठ्याचा पैलवान मिळायचा, तो याच जातीचा. जपानमध्ये तर कागदाच्या माणसाकृतीवर अंगातली पीडा उतरवून ती नदीत सोडायची प्रथा फार जुनी. आपल्याकडे नारळ-मीठमिरची उतरवतात, त्याच्या जवळची ही गोष्ट. पण ही बाहुली जपायची नसते, वाहून जायचीच असते. संग्राहकाचा तिच्याशी संबंध नाही. मला मात्र ती फार आवडते.

गोव्यात कुठे शोधायचं

गोव्यात ही खेळणी आली ती माणसांबरोबर. बोटीवर नोकरीला असलेले तारवटी, आफ्रिकेत कारकुनी करून परतलेले, लिस्बनला शिकलेले, गिरगावात बिऱ्हाड केलेले आमच्यासारख्यांचे नातेवाईक. म्हणून शोधायच्या त्या त्यांच्या ट्रंका. दुकानात फारसं काही मिळत नाही.

घर विकायला निघालं असं कळलं तर ओळखीतून आधी जा आणि तीन ठिकाणं बघा. शिवणाचा डबा, कारण बाहुलीचे कपडे बटणांखाली सापडतात. जुन्या शिवणकामाच्या आणि फॅशनच्या मासिकांची मधली पानं. प्रार्थनेच्या किंवा पोथ्यांच्या पुस्तकांतल्या खुणा. एका पोथीत मला अध्यायाची खूण म्हणून ठेवलेला निळा झगा मिळाला होता. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात जुने कागद घेऊन बसणारे असतात, तिथे पोस्टकार्डांच्या गठ्ठ्यांत हात घाला. भंगारवाल्याशी बोलून ठेवा. त्याला ‘कागदी बाहुल्या’ म्हणून कळत नाही, नमुना दाखवला की कळतं. मी एक झेरॉक्स काढून देऊन ठेवली आहे.

एकदा मडगावच्या बाजूला एका घरातून निघालेला मोठा डबा माझ्यासाठी बाजूला ठेवतो असं एका विक्रेत्याने कबूल केलं होतं. मी पोचेपर्यंत त्याने बाहुल्या एका गिऱ्हाइकाला आणि कपडे ‘जुनी चित्रं’ म्हणून दुसऱ्याला देऊन टाकले होते. माझ्या वाट्याला आलं ते पाकीट, वर शाईने सुरेख अक्षरात मुलीचं नाव आणि ‘१४ पोशाख’ असं पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं. ते रिकामं पाकीट मी ठेवलं आहे. म्हणून सांगते, फोनवर बोलताना ‘सगळं एकत्रच राहू दे, मी सगळ्याचेच पैसे देते’ हे वाक्य आधी बोला.

ओळखायचं कसं

सोनार वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं आणि दुसरं कुठलंही साधन इतकं कामाचं नाही. बाहुलीच्या गालावर धरा. रंगाचे ठिपके ओबडधोबड, लहानमोठे, एकमेकांवर सांडल्यासारखे दिसले तर ती दगडावरची रंगीत छपाई, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध ते विसाव्याची सुरुवात. ठिपके एकसारखे, ओळीने, फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेले दिसले तर ते नंतरचं चार रंगांचं छापकाम. जुन्या नक्षीची बाहुली आणि असे नेमस्त ठिपके एकत्र दिसले, तर ती बहुधा पुनर्मुद्रित प्रत आहे. पुनर्मुद्रणात वाईट काही नाही, फक्त जुन्याचे पैसे देऊ नका. भिंगाखाली रंगाची कड किंचित बाहेर सांडलेली आणि कुंचल्याचा ओघळ दिसला, तर आधी स्वतःला शांत करा आणि मग किंमत विचारा, कारण तो हाताने रंगवलेला जुना नग असू शकतो.

मग पाठ बघा. इथे बहुतेक जण घाई करतात. मासिकातून कापलेल्या बाहुलीच्या पाठीवर मजकूर असतो, अर्ध्या जाहिराती असतात. साबणाची किंमत, टोपीची फॅशन, एखादी बातमी, यावरून साल काढता येतं. ‘लेडीज होम जर्नल’मधली शीला यंग यांची लेटी लेन १९०८ पासूनची. ग्रेस ड्रेटन यांची गोबऱ्या गालांची डॉली डिंगल ‘पिक्टोरियल रिव्ह्यू’मध्ये १९१३ ते १९३३. ‘मॅककॉल्स’मधली बेट्सी मॅककॉल मे १९५१ पासून. या तिघींचे चेहरे एकदा डोळ्यांत बसवून घ्या, पुढे गठ्ठ्यातून नजर आपोआप तिथे जाते.

लंडनच्या राफाएल टक यांच्या बाहुल्या जाड, उठावदार, ठशाने कापलेल्या असतात. पाठीवर चित्रकाराच्या घोडीची, म्हणजे चित्र टेकवायच्या लाकडी तिकाटीची, खूण आणि बहुधा ‘इंग्लंडमध्ये आरेखन, जर्मनीत छपाई’ अशा अर्थाची ओळ असते. देशाचं नाव ही चांगली खूण आहे. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर ते छापणं सक्तीचं झालं, म्हणून ‘जर्मनी’ दिसलं की बहुतेक वेळा त्यानंतरचं समजावं. प्रकाशकाच्या अमेरिकन पत्त्यात शहराच्या नावापुढे एक-दोन आकडे असतील तर १९४३ ते १९६३ मधलं, पाच आकडी क्रमांक असेल तर त्यानंतरचं.

आपल्याकडच्या खुणा तर आणखी सोप्या. पाकिटावर दुकानदाराने किंमत आण्यात लिहिली असेल तर बहुधा १९५७ च्या आधीची. ‘नये पैसे’ असेल तर १९५७ ते १९६४. रबरी शिक्क्यात पिनकोड असेल तर १९७२ नंतरचा शिक्का. आणि गोव्यातल्या पाकिटावर एस्कुदोत, म्हणजे पोर्तुगीज चलनात, किंमत दिसली तर काळ अगदी अरुंद, मुक्तीच्या आधीची शेवटची दोन-तीन वर्षं. माझ्याकडे असं एकच पाकीट आहे.

मिसळलेले कपडे वेगळे करणं

डब्यात तीन बाहुल्या आणि चाळीस कपडे एकत्र आले, तर गोंधळू नका. टेबलावर पांढरी चादर पसरा, पंखा बंद करा. आधी कागदाची जाडी बोटांनी चाचपून ढीग करा. मग पाठीचा रंग बघा. कुणाची पिवळसर, कुणाची करडी, कुणाची मासिकाच्या मजकुराची. त्यानंतर मानेची रुंदी. बाहुलीच्या मानेवर कपड्याचा गळा ठेवला की दोन्हीकडची कड तंतोतंत मिळायला हवी. नुसते खांदे मिळाले म्हणून एक मानू नका, खांदे पुष्कळांचे सारखे असतात.

तरी उरतात ते कपडे कात्रीवरून ओळखायचे. प्रत्येक मुलीची कात्री वेगळी चालते. मागच्या वर्षी साळगावच्या एका डब्यात दोघी बहिणींचे संच मिसळलेले होते. एकीने प्रत्येक कपड्याभोवती तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी कड ठेवली होती, कान गोल कापले होते, आणि हात व कमर यांच्यामधली फट तशीच पांढरी सोडली होती. दुसरीने रेषेवरून कापलं होतं, ब्लेडने ती फटही कोरली होती, आणि एका झग्याच्या झालरीचं एकेक टोक सोडवलं होतं. तिथे तिचा हात एकदा घसरला होता. तुटलेला तुकडा तिने मागून टपालाच्या तिकिटाच्या कडेच्या पट्टीने, त्या काळी घरात डिंक लावलेला तोच तयार कागद, चिकटवला होता. ते जोडकाम इतकं नेटकं आहे की मी ते बदललेलं नाही. दोन तासांत दोन्ही ढीग वेगळे झाले.

विदेशातल्या बाजारात न कापलेल्या अख्ख्या तावाला जास्त पैसे मिळतात. पैशासाठी जमवणाऱ्यांना ते बरोबर असेल. मला विचाराल तर मी कापलेला संच घेईन. ताव छापखान्यातून निघाला तसाच राहिला, त्याच्याजवळ छापखान्यापलीकडचं काही नाही. कापलेल्या संचात एक मुलगी आहे.

आणि सगळ्यांत आधी वाचवायच्या त्या घरी केलेल्या बाहुल्या. छापील बाहुली जगात आणखी कुठेतरी असतेच. आईने लग्नपत्रिकेच्या पाठीवर काढलेली बाहुली एकच असते. आमच्याकडे सावंतवाडीची लाकडी खेळणी होती, पण ती देवघराशेजारच्या कपाटात, सणाला खाली यायची. रोजची बाहुली आई करायची. पत्रिकेचं जाड पान, शिसपेन्सिल, शाई. नऊवारीची अडचण अशी की पदर डाव्या खांद्यावरून मागे जातो आणि कागदाला मागची बाजूच नसते. आईने पदराची टोकाची पट्टी वेगळी कापली, डाव्या खांद्याच्या कानालाच ती जोडली, म्हणजे कान दुमडला की पदर आपोआप पाठीवर पडे. काठाला बेगड, अंगाला पतंगाचा कागद, केसांत अबोलीची फाती म्हणून नारिंगी घोटीव कागदाची बारीक कातरण. फातीला मधे चीर होती, ती अंबाड्यावर खोचायची. पतंगाचा कागद पाण्याच्या एका थेंबाने रंग सोडतो, म्हणून अशा कपड्याला ओला बोळा कधी लावू नका, श्वासाची वाफही लागू देऊ नका.

पुरुमेंत भरताना बाहुल्याही भरा

मे महिन्यात आपण मिरच्या, सोलं, सुकी मासळी भरून ठेवतो. त्याच आठवड्यात बाहुल्याही बांधायच्या. मृग लागल्यावर करू म्हटलं तर उशीर झाला, कारण तोवर कागदाने हवेतली ओल पिऊन घेतलेली असते आणि ती तुम्ही डब्यात कोंडता.

कागदाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ६५ च्या वर गेली की बुरशीला वाव मिळतो. आमच्या घरात जुलैमध्ये काटा ९० वर उभा असतो. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र तीन-चारशे रुपयांना मिळतं, ते आधी घ्या, बाकीचं नंतर.

प्रत्येक संचाला एक पाकीट. बाहुली आणि प्रत्येक कपडा स्वतंत्र पॉलिएस्टरच्या पारदर्शक बाहीत, किंवा आम्लमुक्त कागदाच्या घडीत. विकत घेताना ‘आम्लमुक्त’ असं स्पष्ट विचारा. पीव्हीसीचे अल्बम नकोत, ते काही वर्षांनी चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. १९८०-९० मध्ये घरोघरी आलेले चिकट पानांचे फोटो अल्बम तर मुळीच नकोत. रबरबँड, यू-पिन, टाचणी काढून टाका. गोव्यात टाचणी एका पावसात गंजते आणि गंजाचा डाग निघत नाही. कपड्यांचे कान सरळ करून ठेवा. दुमडलेल्या घडीवरच कागद तुटतो.

ही पाकिटं घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची मलमलची पुरचुंडी. मी एका मोठ्या डब्याला सुमारे दोनशे ग्रॅम घालते. नारिंगी रंगाचं घ्या, ओल धरल्यावर ते हिरवं होतं. निळ्या रंगाच्या जुन्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, घरात लहान मुलं असतील तर ते नकोच. हिरवं झालेलं जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं. पुरचुंडी बाहुलीला टेकू देऊ नका.

डबा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवायचा नाही, जमिनीवरही नाही. आमच्या कौलारू घरात पश्चिमेची भिंत आषाढात घाम गाळते. पुष्कळ घरांत पावसात कपाटात बल्ब लावून ठेवतात. साड्यांना चालत असेल, कागदाला ते नको. बल्बजवळचा कागद कोरडा होऊन कुरळा होतो, दूरचा ओलाच राहतो, आणि आगीची भीती वेगळीच. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही. कडुलिंबाचा ओला पाला ठेवणं म्हणजे हाताने ओल आत घालणं.

कसर आणि वाळवी हे दुसरं संकट. कसरीला खळीचा वास लागतो, आणि जुन्या बाहुल्यांना मागून पुठ्ठा चिकटवताना सगळ्यांनी खळच वापरलेली असते. कागदाचा वरचा थर खरवडल्यासारखा दिसला, कडा वेड्यावाकड्या कुरतडलेल्या दिसल्या, तर संच हवाबंद झिपच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव साचतं. हे किड्यांसाठी. ओला झालेला कागद मात्र आधी सावलीत वाळवा. बुरशी दिसली तर तोंडाला मास्क बांधून, अंगणात, मऊ कुंचल्याने झटका. घरात झटकलीत तर बाकीच्या संचांवर बसेल.

चतुर्थीच्या आसपास चार उन्हाचे दिवस मिळतात. तेव्हा उघडून बघायचा मोह होतो. काटा बघा, साठच्या खाली आला नसेल तर झाकण लावलेलंच राहू दे.

दुरुस्ती

जितकी कमी तितकी बरी. धूळ मऊ कुंचल्याने. मळ निघत नसेल तर पांढरा खोडरबर किसणीवर किसून त्याचा चुरा बोटाने हलका फिरवायचा, तोही छपाई पक्की असेल तिथेच. हाताने रंगवलेल्याला अजिबात नाही.

सेलोटेप लावायची नाही. ती काही वर्षांत पिवळी पडते, सुटते आणि डिंक कागदातच राहतो. आधीच लावलेली असेल तर ओढू नका, तशीच राहू द्या आणि एखाद्या जाणकाराला दाखवा. फाटलेला कान जोडायला पातळ जपानी कागदाची नखाएवढी पट्टी, हाताने फाडलेली, कात्रीने कापलेली नव्हे. फाडलेल्या कडेचे तंतू कागदात मुरतात. चिकटवायला मिथाइल सेल्युलोजची पातळ पेज. मैद्याची खळ आपल्या हवेत म्हणजे कसरीला आमंत्रण. पट्टी लावल्यावर वर-खाली टिपकागद आणि एखादं जाड पुस्तक, एक रात्र.

मान तुटलेली असेल तर हीच पट्टी मागून, पण उभी दोन बोटं लांब. फॅनीपासून आजपर्यंत सगळ्यांची मान हाच कच्चा भाग आहे.

लॅमिनेशनबद्दल आता वेगळं सांगायला नको.

नोंद आणि खेळ

प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी घाला, शिसपेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई पसरते. कुठे मिळाली, कुणाच्या घरातली, मूळ मालकीण हयात असेल तर तिने काय सांगितलं, किती कपडे, त्यांतले किती घरी केलेले. एका आजींनी मला सांगितलं की त्यांच्या संचातला काळा झगा त्यांनी स्वतः रंगवला, वडील गेले त्या वर्षी, बाहुलीलाही दुखवटा हवा म्हणून. हे लिहून ठेवलं नसतं, तर पुढे कुणीतरी तो झगा ‘शाई सांडलेला’ म्हणून फेकला असता.

मग प्रत्येक संच स्कॅन करा, ३०० किंवा शक्य तर ६०० डीपीआयवर, बाहुली आणि कपडे एकाच मापात, बाजूला पट्टी ठेवून. माप बदललं की छापलेले कपडे बसत नाहीत. या स्कॅनवरून जाड कागदावर प्रती काढायच्या आणि त्या मुलांना खेळायला द्यायच्या. मूळ संच बघायला, प्रत खेळायला. टॉम टियर्नी या अमेरिकन चित्रकाराने १९७० च्या दशकापासून जुन्या-नव्या पोशाखांच्या शेकडो कागदी बाहुल्या काढल्या. त्यांची कापून खेळायची पुस्तकं आजही मिळतात, मुलांच्या हाती तीही बेधडक द्या. न कापता ठेवण्यात अर्थ नाही.

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की मी डबे उघडते. शेजारची दुसरीतली मुलगी येते, तिला आत्याच्या बाहुलीची प्रत काढून दिली आहे, दोनशे ग्रॅमच्या कागदावर, मूळ जाडीची. नऊ फ्रॉकही छापून दिले. मूळ बाहुलीवरून घसरणारे कान या प्रतीच्या खांद्यांवर बरोबर बसतात. ती खेळून झाली की आम्ही दोघी मिळून मूळचे नऊ फ्रॉक, दोन टोप्या आणि कोट मोठ्याने मोजतो, चिठ्ठीवर तारीख घालतो आणि बाहुलीसकट एकाच पाकिटात परत ठेवतो.